ग्रिलला टांगलेली सीडी

माझ्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी एक म्युझिक सिस्टिम आहे. मधे एक डबा, दोन बाजूंना दोन बुटके स्पीकर, आणि वरच्या झाकणाखाली तीन सीड्या मावतील अशी फिरती थाळी. घरी येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून विचारतो, "हे अजून चालतं?" मी म्हणते, चालतं. तुमच्यापेक्षा बरं चालतं, हे मनात म्हणते.

मुलगा अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो दर दिवाळीला म्हणतो, "आई, भंगारात दे ना हे. ब्लूटूथ स्पीकर आणतो, झकास." आणायचा तर आण म्हणावं. हे मात्र हलणार नाही.

ही सिस्टिम ह्यांनी बोरिवलीहून आणली होती. खोका रिक्षात मावेना, म्हणून एक स्पीकर ह्यांच्या मांडीवर, एक माझ्या. ह्यांनी म्हणजे माझ्या नवऱ्यानं. मी आयुष्यभर त्यांना 'अहो' म्हटलं आणि दुसऱ्यांशी बोलताना 'हे'. नावानं हाक कधी मारली नाही. आमच्याकडे बायका मारत नसत. नाव एकदाच घेतलं, लग्न होऊन दहिसरच्या चाळीत आले तेव्हा, आणि तेही जबरदस्तीनं.

खोलीच्या दारात माझा दीर आडवा उभा होता. ह्यांचा धाकटा भाऊ. नाव घेतल्याशिवाय आत सोडणार नाही म्हणाला. मी पाठ करून आणलेला उखाणा म्हटला. हा म्हणाला, "ऐकाक नाय आला." परत म्हटला. "मागच्यांका नाय आला, वयनी. परत." डोक्यावर पदर, हातात ओटी, गॅलरीत अख्खी चाळ खिदळत उभी. तिसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा माझा आवाज रडवेला झाला होता. शेवटी ह्यांनी भावाचा कान पिरगाळला आणि मी आत आले. तेव्हा गंमतच होती ती. मी राग धरला नव्हता. राग धरायला पुढे भरपूर कारण मिळालं.

हे आमच्या गाववाल्यांच्या भजन मंडळाचे बुवा होते. दिवसा कारखान्यात फिटर, शनिवारी पेटी घेऊन बुवा. दीर त्यांच्या बाजूला पखवाज वाजवायचा. कोकणातल्या माणसाला डबलबारी सांगायला नको. इतरांसाठी सांगते. दोन बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीनं गातात आणि गाण्यातून एकमेकांना चिमटे काढतात. बुवा स्वतः रचलेले गजर, म्हणजे जोरकस चालीची भजनं, गातो आणि शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव गुंफतो. ती त्याची सही. ह्यांनी असा एक गजर रचला होता. कारखान्याच्या बसमध्ये येता-जाता गुणगुणून, घरी मला ऐकवून, चाल चार वेळा मोडून. शेवटची ओळ जमत नव्हती. नाव मीटरमध्ये बसेना. मी भाकऱ्या थापता थापता म्हटलं, 'अहो, नाव आधी घ्या, देवाला मागून घ्या.' बसलं. त्या ओळीत नाव त्यांचं असलं तरी ती ओळ अर्धी माझी आहे, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तो गजर ज्या डबलबारीत गाजला तिची सीडी साउंडवाल्याने करून दिली होती. ह्यांनी तिच्यावर मार्करनं 'डबलबारी' असं लिहिलं, खाली एक वाकडी रेघ ओढली. रविवारी मटण शिजत असताना ती लागायची. हे स्वतःच्याच गाण्याला मान डोलवायचे, वर मला विचारायचे, "बरा गातंय ना गो?" मला सीडीला हात लावू द्यायचे नाहीत. पुसायची पद्धतसुद्धा त्यांनी शिकवली होती. "गोल पुसू नको गो. मदसून भायर, सरळ."

मग हे गेले. त्यानंतर चाळ पडून टॉवर झाला. भाड्याच्या घरातून सामान परत आणताना दीर मदतीला आला आणि सीड्यांचं खोकं उचलून म्हणाला, "वयनी, आता ह्यो सीड्ये कोण वाजवता? माझ्याकडे ऱ्हवांदे." मी तेव्हा कशालाच हो-नाही म्हणत नव्हते. खोकं गेलं. सिस्टिम तेवढी मी ओढणीत गुंडाळून स्वतः आणली. टॉवरमध्ये माझं आणि दिराचं दार समोरासमोर. मधे फक्त चपलांचं कपाट.

बिनसीडीची ती सिस्टिम मी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर चालू करायची. काचेवर निळ्या अक्षरांत 'हॅलो' सरकत जायचं, थाळी करकरत फिरायची आणि मग 'नो डिस्क'. एवढं झालं की बंद करायची. वेडेपणा म्हणा. कुणीतरी हॅलो म्हणत होतं एवढंच.

भाद्रपदातला गणपती आम्ही गावी करतो. मुंबईत माघी गणपती, दिराकडे, कारण त्याचा हॉल मोठा. गेल्या वर्षी तिथं भजन होतं. हे गेल्यापासून बुवा तोच. गळा वाईट नाही, हे लिहिताना माझा हात जड होतो. मी आत तिळाचे लाडू वळत होते. बाहेर ह्यांचा गजर सुरू झाला आणि मला भरून आलं. म्हटलं, भाऊ भावाची आठवण काढतोय. शेवटची ओळ आली. त्या ओळीत त्यानं स्वतःचं नाव घातलं.

अगदी बेमालूम घातलं. दोघांची नावं सारख्याच लांबीची, अडखळायचं कारणच नव्हतं. लोक 'वा बुवा' म्हणाले. माझ्या हातातला लाडू भुगा होऊन परातीत पडला.

सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, "भावोजी, तो गजर ह्यांचा ना?" त्यानं टाळ पुसत पुसत माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "दादाचो येगळो होतो. ह्यो माझो. तुका आता आठवत नाय, वयनी. वय झाला." मी म्हटलं, सीडी द्या, आत्ता लावून बघू. तर म्हणे, "ती खय गेली शिफ्टिंगात, काय म्हायत." माझी जाऊ म्हणाली, "सोड गो. नाव घराण्याचाच ना?" मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना आई. काय फरक पडतो?"

फरक काय पडतो ते मी वर्षभर बघितलं. मंडळातली नवी मुलं तो गजर दिराचा म्हणून गाऊ लागली. फोनवर फिरू लागला. लिफ्टमध्ये एक जण मलाच म्हणाला, "तुमच्या दिरानं काय गजर बांधलाय काकी!" जुने ऐकणारे एकेक करून गेले होते, जे होते ते दिराचा चहा पिणारे. ह्यांचा फोटो भिंतीवर होता, पण फोटो काही गात नाही. ह्यांच्या हातून या जगात एकच गोष्ट स्वतःची म्हणावी अशी झाली होती आणि ती सख्खा भाऊ सगळ्यांसमोर घेऊन चालला होता. वर मलाच विसराळू ठरवत होता. मी रोज देवाला हात जोडायची आणि मागायची काय, तर याचा घसा बसू दे. देवानं ऐकलं नाही. मी लवंगा मागायला आलेल्या जावेला लवंगा संपल्या म्हणून सांगायची. त्यानंही माझं समाधान होत नव्हतं.

या वर्षी माघी गणपतीच्या आधी जावेनं लाडवांना बोलावलं. तीळ भाजता भाजता धूर झाला म्हणून मी ड्राय बाल्कनीचं दार उघडलं. ती बाल्कनी डक्टकडे, म्हणजे इमारतीच्या मधल्या पाइपांच्या पोकळीकडे. दिरानं तिथं ग्रिलला नायलॉनच्या दोरीनं सीड्या टांगल्या होत्या, कबुतरं येऊ नयेत म्हणून. सीडी उन्हात चमकते तेव्हा कबुतर बिचकतं. त्या डक्टमध्ये ऊन म्हणून कधी पडत नाही. तेव्हा सीड्या काळोखात लटकत होत्या आणि कबुतरं आरामात त्यांच्या शेजारी बसून शिटत होती. पखवाज वाजवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या अकलेचं मला हसू आलं.

मग एक सीडी वाऱ्यानं वळली आणि मला ती वाकडी रेघ दिसली.

शिफ्टिंगात हरवली म्हणे. माझ्या नवऱ्याचा आवाज याने कबुतरांपुढे टांगला होता. माझं डोकं असं तापलं की हातातला कालथा घेऊन बाहेर जावं आणि त्याच्या टकलावर हाणावा. पण मी तशी बाई नाही, मी त्याहून वाईट आहे. मी गॅस बारीक केला, बाथरूमला जाते म्हणून घरी आले, मुलाच्या जुन्या पुस्तकात चिकटवलेली कॉम्प्युटर शिकायची सीडी उपटली आणि तीळ जळायच्या आत ती त्या दोरीत ओवली. ह्यांची सीडी ब्लाउजमध्ये सरकवून मी उरलेले लाडू वळले. इतके गोल लाडू मी आयुष्यात वळले नव्हते.

घरी आल्यावर साबणाच्या कोमट पाण्यानं ती धुतली. जुन्या धोतराच्या तुकड्यानं पुसली, मधून बाहेर, सरळ. ग्रिलवर घासून तिच्यावर ओरखडे उठले होते. थाळीत ठेवली. हॅलो. करकर. नो डिस्क. पुन्हा पुसली. नो डिस्क. मी डब्यावर हात ठेवून म्हटलं, एवढ्या वर्षांत तुला हलवू दिलं नाही मी, आता लाज राख. तिसऱ्यांदा थाळी बराच वेळ फिरत राहिली, मग एक खाकरण्याचा आवाज आला. गाण्याआधी हे असंच खाकरायचे. मी तिथंच लादीवर बसले.

उन्हानं ती कधीच मेली असती. दिराच्या अकलेमुळे वाचली.

गजर नीट वाजला. शेवटच्या ओळीपर्यंत. तिथं बरोबर नावावर ओरखडा होता आणि सीडी अडकली. ह्यांचं नाव, परत तेच नाव, परत तेच. आधी मला शिवी आठवली, की मेल्याने नेमकं इथंच खरवडलं. मग मी ऐकत राहिले. घरभर माझ्या नवऱ्याचं नाव घुमत होतं, त्यांच्या स्वतःच्या तोंडून. आणि मला कळलं की मला याहून चांगली सीडी नकोच आहे.

गणपतीच्या संध्याकाळी मी नऊवारी नेसले. मुलाला वाटलं आईनं तो विषय सोडला. पाहुणे आत मावेनात, म्हणून दिराचं दार सताड उघडं होतं, पॅसेजमध्ये सतरंजी घातली होती. मी माझंही दार उघडलं, सिस्टिम दाराजवळच्या स्टुलावर घेतली आणि दोन्ही स्पीकर उंबऱ्याशी आणून त्याच्या हॉलकडे तोंड करून ठेवले. कुणीतरी विचारलं, "काकी, काय लावताय?" म्हटलं, देवाचंच आहे.

तो गजर त्यानं शेवटी ठेवला होता. गायला झकास. स्वतःचं नाव घेताना त्यानं डोळे मिटले आणि हात वर केला. टाळ्या झाल्या. त्या विरल्या तसं मी बटण दाबलं.

खाकरण्याचा आवाज ऐकूनच ह्यांच्या वेळेपासून मंडळात असलेले पेटीवाले म्हातारबुवा ताठ झाले. आधी वाटलं नव्हतं इतका आवाज त्या बुटक्या स्पीकरांतून निघाला. तोच गजर, तीच चाल, पण ती गाणारा माणूस जिवंत नव्हता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. नवी मुलं एकमेकांकडे बघू लागली. शेवटची ओळ आली, नाव आलं, आणि सीडी अडकली. नाव. नाव. नाव. कुणी हसलं नाही.

दीर उठून पॅसेजमध्ये आला. गळ्यात झेंडूची माळ, हातात टाळ. चेहरा उतरलेला. हळूच म्हणाला, "वयनी, बंद कर गो ता."

मी माझ्या दारात आडवी उभी राहिले, एक बोट स्टुलावरच्या सिस्टिमच्या बटणावर. "नाव घ्या, भावोजी. मग करते."

"वयनी, लोक बगतत."

"मी नाव घेतलं तेव्हाही बघत होते. शेवटची ओळ म्हणा, नावासकट. ज्याचं आहे त्याच्या नावासकट."

मागून जाऊ काहीतरी पुटपुटली. म्हातारबुवांनी पेटीचा भाता हलवला आणि त्या ओळीचा सूर धरून ठेवला. आता त्याला मागे फिरायला जागा नव्हती. त्यानं मान खाली घातली आणि ती ओळ म्हटली. मोठ्या भावाचं नाव घेताना त्याचा आवाज चिरकला. खरंच चिरकला, डोळ्यांत पाणी होतं. मी ते बघितलं. लग्नात ज्याचा कान पिरगाळला गेला तो पोरगाही मला क्षणभर त्यात दिसला. मला दया येईल असं वाटलं होतं. आली नाही.

बटणावर बोट तसंच ठेवून मी म्हटलं, "ऐकायला नाही आलं, भावोजी. परत."