देवूबाबानं न खाल्लेली काकडी

मूर्खपणा सगळेच करतात हो! पण स्वतःच्या परसात, स्वतःच्या दोन्ही हातांनी केलेला मूर्खपणा ऐकायचाय का? मग आधी तो चहा संपवा. मध्येच ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तेव्हा जव्हारात राजेसाहेबांचं राज्य आणि मी दरबारच्या दफ्तरात कारकून, राहायला घरही दरबारचंच. दिवसभर वरिष्ठांचा ओरडा खायचा आणि संध्याकाळी परसात येऊन मातीवर ओरडायचं. भेंडी लावली, ती शेळीनं खाल्ली. वांगी लावली, ती अळीनं खाल्ली. मिरची लावली, ती उगवलीच नाही! तीन पावसाळे मी नुसता धुमसत होतो. त्यात बाजारात भाजी घेताना लोक मुद्दाम विचारायचे, "काय भाऊसाहेब, परसातली संपली वाटतं?" अस्सा संताप यायचा!

शेवटी कुंपणापलीकडच्या देवूबाबाला माझी दया आली. देवूबाबा म्हणजे डोंगरउतारावर नागली आणि भात पिकवणारा म्हातारा. त्यानं घरचं काकडीचं बी दिलं, आळं करून दिलं, बांबूचा मांडवही घालून दिला.

"आता निस्ता पानी साचू देऊ नका, भाऊसाहेब," तो म्हणाला. "आन येलावर वरडू नका."

आणि काय सांगू, श्रावण सरता सरता मांडवाला काकड्या लोंबायला लागल्या! हिरव्यागार, हातभर लांब! पहिली काकडी तोडली आणि धावतच देवूबाबाकडे नेली. म्हटलं, ज्यानं शिकवलं त्याचा पहिला मान. आता हा एक घास चावेल आणि 'वा!' म्हणेल. त्या एका 'वा'साठी माझे कान तीन वर्षं आसुसले होते!

त्यानं काकडी दोन्ही हातांनी घेतली, आत गेला आणि ती शिंक्यात ठेवून आला. बस्स!

"अरे, खा की!"

"खाईन, खाईन. घाई काय हाय?"

घाई काय? मी तीन वर्षं थांबलोय आणि हा विचारतो, घाई काय!

दुसऱ्या दिवशी मी काकडी चिरून, मीठ लावून घेऊन गेलो.

"आज नको, भाऊसाहेब."

"दात दुखतायत?"

"नाय."

"पोट?"

"नाय. निस्ता नको."

तिसऱ्या दिवशी बायकोकडून काकडीची थालीपिठं करवून पाठवली. जशीच्या तशी परत! वर निरोप, 'वास लय झकास हाय.' अहो, वासाचं मी काय लोणचं घालू?

"एकदा विचारा तरी, का नको ते," बायको म्हणाली.

"मी विचारू? माझ्या काकडीला हा नाक मुरडणार आणि वर मीच विचारू? मुळीच नाही!"

चौथ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर देवूबाबा भेटला. सोबत त्याच्या पाड्यावरची पाच-सहा माणसं. माझ्या पिशवीत काकडी होतीच. ती तिथंच मोडली, अर्धी कचाकचा मी खाल्ली आणि अर्धी त्याच्या तोंडासमोर धरली.

"खा! सगळ्यांच्या देखत खा! नाहीतर सांग, काय खोट आहे माझ्या काकडीत?"

म्हातारा मान खाली घालून उभा. बाकीच्यांपैकी कुणी हात पुढे करील तर शपथ! एक बाई तर चक्क दोन पावलं मागे सरकली.

"अजून नाय चालत, भाऊसाहेब. आमचा..." देवूबाबा काहीतरी सांगू लागला. पण ऐकायला मी थांबलो तर ना!

तणतणत घरी आलो तो थेट परसात. वेल दोन्ही मुठींत धरला आणि खसकन उपटला. मुळासकट! "घे तुझं बी! घे तुझा मांडव!" कोवळ्या काकड्या पायांनी तुडवल्या. वर पाहतो तर कुंपणाशी देवूबाबाची बायको, काशीआजी.

"आवं भाऊसाहेब, ह्या काय केलं?"

"नवऱ्याला विचार! माझी काकडी त्याच्या घशाखाली उतरत नाही!"

"कशी उतरंल? आमचा नवा व्हायचा हाय. देवाला दिल्याबिगर नवी काकडी आमी तोंडात घालत नाय. पूजा करनारा भगत पोशेरा गावाला गेलाय, परवा यायचा. आमच्या काकड्या तर रानडुकरांनी खाल्ल्या. तवा म्हातारा बोल्ला, औंदा देवाम्होरं भाऊसाहेबांची काकडी ठेवायची."

माझा राग गेला असं वाटतं तुम्हाला? छे! राग होता तेवढाच होता. फक्त आता तो काढायला दुसरा माणूस उरला नव्हता.

वेल पुन्हा आळ्यात रोवला, माती दाबली, सुतळीनं मांडवाला बांधला, वर घडाभर पाणी ओतलं. बायको दारातून बघत होती.

ठरल्या दिवशी भगत आला. शिंक्यातली माझी पहिली काकडी देवापुढे ठेवली, मग कापून सगळ्यांना वाटली. काशीआजीनं झाल्या प्रकाराबद्दल कुणाला अवाक्षरही सांगितलं नव्हतं. देवूबाबानं डोळे मिटून फोड चावली.

"वा, भाऊसाहेब! साखर हाय, साखर!"

मिळाला! तीन वर्षांनी 'वा' मिळाला! आणि मला धड हसता येईना.

"चला रं," देवूबाबा उठलाच, "बियासाठी एक काकडी येलावरच राखून ठेवू. पुढल्या साली सगळ्या पाड्याला भाऊसाहेबांचं बी!"

झालं! अख्खा पाडा माझ्या परसात. मांडवावर मान टाकून सुकलेला वेल.

"कीड लागली," मी म्हटलं.

देवूबाबानं वेल जरासा ओढला. मूळ अलगद वर आलं. त्यानं मुळाकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं आणि मग माझ्या हातांकडे पाहिलं.

"बी मी पोशेऱ्याहून आणून दीन," तो शांतपणे म्हणाला. "पर ही कीड आदी घरातनं भाईर काढा."

बायको दारातून म्हणाली, "कशी काढू हो, बाबा? दरबारानं हे घर तिच्याच नावावर दिलंय!"