शालीकच्या गाडीतलं आभाळ

सोयाबीन काढल्यावर भुशाचं कुटार कसं साचते? तसे आमचे किस्से. कोनी राखत नाही, ढीग मात्र वाढूनच राह्यला! मालेगावात लिंबाखाली आमी तिघं बसतो. मी, शिलाई मशीनवाला रामभाऊ आन शालीक. शालीकची जुनी कार बी तिथंच उभी राह्यते, म्हनून चौथी तिले धरा.

गाडी झकास. फक्त छताचं कापड सुटून खाली लोंबे. मागं बसलं का डोक्यावर येऊन पडे. शालीकची बायको कांताबाई म्हने, "अवो, दिवाळीच्या आंधी इकून टाका हे धूड. सासऱ्यापुढं बी मी एवढा पदर घेतला नाही!"

शालीकचा जीव त्या गाडीत. म्हने, "छत नीट करतो, मंग तं ठेवशीन?"

"पाहू."

त्या एका 'पाहू'वर गडी कामाले लागला!

*

पहिल्यांदा त्यानं कापडाले टाचण्या मारल्या. रिठदच्या रस्त्यावर गाडी आदळली, आन एक टाचणी रामभाऊच्या कॉलरात! रामभाऊ बोंबलला, "अबे, जल्मभर मी कपड्याले टाचण्या लावल्या, आज कपड्यानं मले लावली!"

*

दुकानात छताचा भाव इचारला आन शालीक म्हने, "घरीच करू." छताच्या आतला पुठ्ठा काढायले गेलो, तं दारातून निंघेच ना. शेवटी डिक्कीतून ओढला. त्याच्यावरचा जुना फोम घासला, तं सारा भुगा अंगावर. शालीक डोक्यापासून पायापर्यंत पिवळा!

रस्त्यानं जानारे इचारत, "काय झालं हो याले?"

मी म्हनलं, "हळद लागली. दुसरं लगन हाय."

घडीभरात कांताबाई हजर! "कोठी हाय नवरी?"

मी गाडीकडं बोट दाखवलं.

"हे व्हय? मले वाटलं जवान असन!"

*

तरी कांताबाई माउली घरून साडी घेऊन आली. निळी, वरतं चंदेरी टिकल्या. "जुनी हाय, लावा. गिऱ्हाईक तरी भुलन."

रामभाऊनं दोन तुकडे कापून देल्ले. पुठ्ठ्यावर पातळ फोम, वरतं सोल्युशन. थोडं सुकू देल्लं, आन मधातून कडेकडं हात फिरवत साडी चिकटवली. पुठ्ठा परत गाडीत बसवला तवा समजलं, शालीकनं तुकडेच अदलाबदल केले! काठ कडेले जायचा, तो आला मधोमध.

रामभाऊनं कपाळाले हात लावला. "काठ मधात कोनी ठेवते काय बे?"

शालीक मागच्या सीटवर उताना पडून वर पाहून राह्यला. "राहू दे रामभाऊ. आभाळातून रस्ता निंघाला."

*

तवापासून त्या गाडीत बसलं का डोळा लागते. लिंबाचं ऊन काचातून हालते, टिकल्या लुकलुकतेत, मानूस कुठच्या कुठं जाते.

एकडाव रामभाऊले रेल्वे स्टेशनावर सोडायले गेलो. रेल्वे यायले येळ व्हता. गडी गाडीतच वर पाहत बसला, आन लागला घोरायले. रेल्वे आली, गेली. मी बी उठवलं नाही!

जागा झाला तं म्हने, "आली काय?"

"गेली."

"जाऊ दे. मी जाऊन बी आलो."

*

दिवाळीच्या तोंडावर कांताबाईनं खरंच गिऱ्हाईक आनलं. शालीक लिंबाले टेकून उभा, त्याच्या तोंडाकडं पाहवे ना. मले बी त्या दिवशी मस्करी सुचे ना.

गिऱ्हाईकानं इंजन ऐकलं, टायरं ठोकले, आन चाबीसाठी हात पुढं केला. चाबी कांताबाईच्या मुठीत.

"थांबा भाऊ," ती म्हने, "साडी लावल्यापासून मी बसलीच नाही. एकडाव बसून पाह्यतो."

मागं जाऊन बसली. मान टेकली. वर पाहत राह्यली. वारं सुटलं, लिंब हालला, तिच्या तोंडावर चंदेरी ठिपके फिरून राह्यले.

लय येळ झाला. गिऱ्हाईक वाकून म्हने, "काकू, पक्कं समजू ना?"

आतून आवाज आला, "गाडी घेऊन जा भाऊ. पन वरचं आमचं हाय, त्याले हात लावू नोका!"

आन तिनं आतून दार लावून घेतलं.