भावजींच्या दारावरची पाटी

आधीच सांगते, माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. हे कागद कोणाच्या हाती पडले तर चुका पोटात घालाव्यात. मी काही लेखिका नाही. हे माझ्या चुलतदिरांनी ऐकलं असतं तर ते लगेच म्हणाले असते, "वहिनी, लेखक तर मीसुद्धा नाही. तो शब्द फार खाली गेला." जालना जिल्ह्यात लिहिणारे पुष्कळ असतील. पण स्वतःला काय म्हणवून घ्यावं यातच सगळा जन्म घालवून, त्यातून वेळ उरलाच तर लिहिणारा माणूस एकच झाला, आणि तो जाफराबादेत आमच्या समोरच्या दारात राहत होता.

भावजी एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होते. कापसाच्या गाड्या यायच्या आणि हे त्यांची वजनं लिहायचे. पण ही गोष्ट घरात कोणी उच्चारायची नाही. दारावर पत्र्याची पाटी होती, तिच्यावर आधी नाव आणि खाली 'लेखक' असं होतं. मग तहसिलीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यानेही आपल्या छत्रीला तोच शब्द लटकवला, तेव्हा भावजींनी पेंटरला बोलावून 'साहित्यिक' करून घेतलं. पुढे 'साहित्यसेवक' झाले, पण सेवक म्हणजे जिनिंगमधला शिपाई, हे कोणीतरी लक्षात आणून दिलं आणि आठ दिवसांत ते 'साहित्यतपस्वी' झाले. मग 'शब्दपूजक', मग 'अक्षरयात्री'. बिचारा पेंटर एकदा शिडीवरून म्हणाला, "साहेब, मागल्या दिवाळीचा शब्द अजून चकाचक हाय, त्याला काय झालं?" भावजी म्हणाले, "तू रंग दे. आशय माझ्याकडे." आमची जाऊ आतून ओरडली, "आशय भाकरीसंगं खाता येत असंल तर थोडा आत धाडा!"

एवढ्या तपश्चर्येतून छापून आली ती एक कविता, जालन्याच्या एका दिवाळी अंकात, गोडेतेलाच्या जाहिरातीखाली. तो अंक त्यांच्या घरी देवाजवळ असायचा. पाहुण्याला चहाच्या आधी अंक मिळायचा, आणि त्यात तेलाच्या डब्याचं चित्र मोठं असल्यामुळे कितीतरी पाहुणे भाव विचारायचे.

रेशन कार्ड नवीन झालं तेव्हा धंद्याच्या रकान्यात 'अक्षरयात्री' लिहा म्हणून ते अडून बसले. कारकून म्हणाला, "इथं शेती, मजुरी, नोकरी अन् इतर, एवढंच हाय. जल्दी सांगा, मागं लाईन हाय." भावजी 'इतर' झाले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

पण त्यांचा खरा धाक लग्नांत. गावात कोणाचंही लग्न असो, भावजी स्वतःच्या मंगलाष्टका घेऊन माईकजवळ हजर. नवऱ्याच्या आत्यापासून नवरीच्या मेलेल्या आजोबांपर्यंत सगळी नावं त्यात गुंफलेली. एकदा तर अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पाट खाली आला आणि नवरा-नवरी एकमेकांना बघून हसत उभे राहिले, तरी भावजींच्या कडव्यांतलं नवरीचं आजोळ संपलं नव्हतं. लोकांच्या हातातल्या अक्षता घामाने चिकट झाल्या. शेवटी भटजींनी माईक ओढून "सावधान" म्हटलं. भावजी म्हणाले, "रसभंग!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर शकूचं लग्न निघालं. शकू त्यांची एकुलती एक. मंठ्याकडचे पाहुणे आले, पोरगी पसंत पडली, पोरगाही शकूला आवडला असावा, कारण चहा देताना ती कपाकडे बघत नव्हती. मग पोराच्या बापाने सहज विचारलं, "पाहुणे, तुम्ही काय करता?"

"मी अक्षरयात्री."

"म्हंजे लिव्हता. चांगलं हाय. महिन्याला काय येतं त्याचं?"

"शब्दाला मोल नसतं," भावजी म्हणाले.

"मंग घरखर्च कशावर चालतो?"

भावजी नुसते छताकडे बघून हसले. आमचे यजमान जिनिंगचं सांगायला तोंड उघडत होते, तर भावजींनी त्यांना डोळ्यांनी दाबलं. चार दिवसांनी निरोप आला: पोरगी लाख हाय, पण घरात कमावतं कोणी न्हाई.

शकू रडली नाही. तिने पोळ्या लाटल्या, त्या सगळ्या वाकड्या झाल्या. जाऊ मात्र ओसरीत येऊन उभी राहिली. "पोरगी घरात बसवून त्या पाटीची पूजा करा आता. बिलकुल शोभून दिसंल."

उन्हाळ्याच्या तोंडाला दुसरे पाहुणे आले, जवळच्याच खेड्यातले कापूसवाले. मी आतल्या दारात शकूच्या मागे उभी होते. पोराच्या म्हाताऱ्या बापाने पान जुळवत तेच विचारलं, "तुम्ही काय करता?" शकूच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या, त्या वाजायला लागल्या. भावजींनी त्या आवाजाकडे बघितलं.

"कारकून आहे," ते म्हणाले. "जिनिंगमध्ये, काट्यावर."

म्हाताऱ्याने पान तसंच हातात धरलं. "मंग तुम्हीच ते! मागल्या साली आमच्या गाडीचं चाक मोडून उशीर झाल्ता. काटा बंद करून राह्यले होते, तरी तुम्ही थांबून आमचा माल घेतला, अन् वजन बराबर लावलं. इसरलो न्हाई मी." मग आत हाक मारली, "आण पोरी पोहे."

लग्नात भावजींनी मंगलाष्टका लिहिल्या होत्याच. आम्ही बायकांनी अक्षता पदरात बांधून ठेवल्या, कारण बराच वेळ लागणार हे ठरलेलं. ते माईकजवळ गेले, कागद उघडला, पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्यात शकूचं नाव होतं. तिथे ते थांबले. मग कागदाची घडी करून भटजींना म्हणाले, "तुमच्या नेहमीच्याच म्हणा." त्या दिवशी लग्न मुहूर्तावर लागलं, आणि आजवर त्यांच्या अष्टकांना सगळ्यांत जास्त हसलेली मी डोळ्याला पदर लावून बसले.

लग्नानंतर ती पाटी त्यांनी स्वतःच काढली. जाऊने ती ज्वारीच्या कणगीवर झाकण म्हणून ठेवली, अक्षरं खालच्या बाजूला. भावजी सरळ जिनिंगला जायचे, सरळ यायचे. गल्ली शांत झाली, आणि ती शांतता कोणाला आवडली नाही. पेंटर एकदोनदा सायकलवरून उगीच डोकावून गेला.

दिवाळीला शकू माहेरी आली. म्हणाली, "बाबा, आमचे मामंजी बाजारात सगळ्यांना सांगून राह्यले, आमचे व्याही कवी हायेत म्हणून. लोकं कविता मागतात अन् ते तुमच्यावर ढकलतात." भावजींचे कान लाल झाले.

दुपारी शकूने कणगीवरची पाटी काढली आणि ओल्या फडक्याने पुसली. वरचा रंग आधीच पोपडे धरून निघत होता. अक्षरयात्रीखालून शब्दपूजक दिसत होता, त्याच्याखालून तपस्वी, आणि एका कोपऱ्यात साधा 'लेखक'. तिने स्टूल दारात लावलं आणि वर चढली.

"राहू दे गं," भावजी म्हणाले. "कशाला उगीच."

पण स्टूल मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं होतं.