चिंचेच्या खाचराला पातळ तेल

पुण्याजवळच्या मारुंजीत मी ज्या घरात भाड्याने राहायचो, त्या घराच्या अंगणात एक खाचर उभं असायचं. पांढरं, डिझेलवर चालणारं, पुढे लिंबू-मिरची लटकवलेलं.

खाचर म्हणजे भाताचं शेत. मुळशीकडे प्रत्येक खाचराला नाव असतं. ओढ्याचं, वरलं, चिंचेचं. घरमालक काकांचं चिंचेचं खाचर म्हणजे सगळ्यांत कसदार जमीन, आणि नेमकी तीच कंपन्यांच्या इमारतींसाठी गेली. आलेल्या पैशातून घरावर मजले चढले, ते आम्हा भाडेकरूंचे झाले. मुलीचं लग्न झालं, ती जवळच्याच चांदे गावात, चांद्याला सासरी गेली. स्वतःचं म्हणून जे उरलं त्यातून काकांनी ही गाडी घेतली. मग शेताचं नाव रिकामं कशाला ठेवायचं, म्हणून घरच्यांनी ते गाडीला देऊन टाकलं.

"आवं, चिंचेच्या खाचरावर कावळा बसलाय, हाकला की!" काकू गच्चीतून ओरडायच्या. मी परभणीहून नवा आलेलो. सुरुवातीला मी बिचारा आजूबाजूला शेत शोधत राहायचो. तिकडे कावळा बॉनेटवर बसून माझ्याकडे बघत असायचा.

गंमत म्हणजे माझं ऑफिस होतं ते त्याच जमिनीवर. म्हणजे दिवसभर मी काकांच्या शेतात राबायचो आणि रात्री त्यांच्याच घरात झोपायचो. पूर्वी अशा माणसाला सालगडी म्हणत. दोन हजार सहाच्या सुमारास त्याला सॉफ्टवेअर इंजिनियर म्हणू लागले होते.

डेअरीकडे निघाले की काका मला गाडीतून सोडायचे, पण कधीच ऑफिसच्या दारापर्यंत नाही. अलीकडच्या चौकात उतरवायचे आणि तिथूनच गाडी वळवायचे. "पुडं लई गर्दी असतीया," म्हणायचे. पुढे कुत्रंही नसायचं. मी लॅपटॉपची पिशवी खांद्यावर टाकून उन्हातून चालत जायचो आणि डिझेल वाचवणाऱ्या या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालायचो.

अशात गाडीच्या फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या. काकांनी जाहीर केलं, "आता शोरूमची पायरी चडायची न्हाई. ट्रॅक्टरचं आईल आयुष्यभर मीच बदलतोय." आणि एका रविवारी सकाळी गोठ्यातून ट्रॅक्टरच्या तेलाचा कॅन अंगणात आणून ठेवला. मी जिन्यात चहा पीत उभा होतो. गाडीच्या पाठीवर चंदेरी अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं होतं. काकांच्या लेखी ती नक्षी होती.

खरं तर मला गप्प बसता आलं असतं. मी मेकॅनिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअरला लागलेला. इंजिनाच्या जवळपास जाईल असं गेल्या काही वर्षांत मी हाताळलेलं यंत्र म्हणजे ऑफिसमधलं कॉफीचं. पण जीभ अजून मेकॅनिकलची होती.

"काका, हे टर्बो आहे. ह्याला हे तेल चालत नाही. पाच-डब्ल्यू-चाळीस लागतं, सिंथेटिक."

"आन् ह्ये कुटलं हाय?"

"वीस-डब्ल्यू-चाळीस."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मंग वीस मोटं का पाच?"

आता आली का पंचाईत! मी चहाचा कप खाली ठेवला आणि समजवायला बसलो. पहिला आकडा थंडीतला. तो जितका लहान, तितकं तेल गारठ्यात लवकर पळतं. दुसरा आकडा तापल्यावरचा, आणि तो दोघांचाही चाळीसच. म्हणजे इंजिन तापलं की दोन्ही तेलं सारखीच दाट. फरक पडतो तो सकाळी चावी फिरवल्यावर. टर्बोमध्ये धुराच्या जोरावर एक पंखा गरगर फिरतो आणि त्याचा दांडा तेलाच्या नुसत्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तेल पोचायला उशीर झाला की दांडा कोरडा घासतो. गाडीसोबत आलेल्या पुस्तकातही हेच तेल सांगितलंय, असंही मी ठासून सांगितलं.

"पुस्तक काय नांगर धरतंय व्हय?" काका म्हणाले. काकांची घोषणा ऐकल्यापासूनच मी हौसेने आणून ठेवलेला पाच-डब्ल्यूचा डबा त्यांनी उघडला, त्यात बोट बुडवलं आणि अंगठ्याला चिकटवून ओढलं. मग ट्रॅक्टरच्या तेलाचं तसंच केलं. पाक झाला की नाही हे बायका बघतात, अगदी तसं. त्या भागात तेल असंच पारखायचे. लांब तार येईल ते तेल चोख. "बग, ह्याची तार बग. आन् तुजं? निव्वळ पानी."

मी आणखी काहीतरी शहाणपण पाजळणार होतो, तेवढ्यात काका बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "इंजिनेर, ह्येचं इंजन बसलं तर माज्याकडं दुसरं खाचर न्हाई."

मला एकदम वाईट वाटलं. माणूस हट्टाला पेटलेला नव्हता, तो घाबरलेला होता. आपल्या लेकराला घट्ट सायीचं दूध द्यावं तशी त्याला गाडीला दाट तेल द्यायची माया होती. मायेपुढे डब्ल्यू काय करणार?

मग मी डोकं लढवलं. म्हटलं, बोलून उपयोग नाही, दाखवूया. संध्याकाळी काकूंच्या दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत ट्रॅक्टरचं तेल, दुसरीत माझं. दोन्ही फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिल्या. उद्या सकाळी उघडू, जे वाहील ते गाडीत जाईल. काकांनी मान डोलावली. काकू तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेल्या होत्या. त्यांना सांगायचं काकांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि माझ्या तर मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळीच चांद्याहून व्याही आले, म्हणजे काकांच्या मुलीचे सासरे. पांढराशुभ्र पायजमा, टोपी, आणि चेहऱ्यावर मुलाकडच्यांचा तो खास भाव. काकूंची धांदल उडाली. घावनं टाकली, सोबत द्यायला काही गोड सापडेना, म्हणून फ्रिज उघडला. त्या घरात फ्रिज नवा होता आणि दुधापासून देवाच्या फुलांपर्यंत काहीही बर्फाच्या कप्प्यात जायचं. काकूंना दोन वाट्यांत सोनेरी काकवी दिसली. लेकीनेच मागे पाठवलेली असणार, असं त्यांनी धरलं.

मी तयार होऊन खाली उतरलो, तो काकू व्याह्यांच्या ताटावर पहिली वाटी उपडी करत होत्या. काही पडलं नाही. हलवली, ताटाच्या काठावर आपटली, तरी नाही. "थंडीनं आळली जनू," म्हणत त्यांनी दुसरी वाटी उपडी केली. ती मात्र भस्सकन ओतली गेली. घावन ओलांडून, ताटाचा काठ ओलांडून थेट पांढऱ्याशुभ्र पायजम्यावर.

मी "अहो काकू!" म्हणेपर्यंत व्याह्यांनी घावनाचा तुकडा मोडून नाकाशी नेला होता. त्यांच्याकडेही ट्रॅक्टर होता. तुकडा त्यांनी हळूच परत ठेवला.

"ईनबाई," ते म्हणाले, "पाव्हन्याला आईल वाडायची रीत कंदीपासनं सुरू केली?"

काकूंनी कपाळावर हात मारला. काका दारात उभे होते, त्यांचा चेहरा पिठासारखा झाला. लेकीच्या सासऱ्याला इंजिन ऑइल वाढलेलं, आता तिच्या वाट्याला काय काय येणार! खुलासा करणं भागच होतं. मी सगळं सांगितलं, टर्बो, पंखा, वीस, पाच. व्याही ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी पहिली वाटी उचलली आणि स्वतःच उपडी धरली. तेल वाटीला चिकटून तसंच. काका जवळ येऊन वाकले. मीही वाकलो. व्याही, काका आणि मी, तिघं त्या वाटीखाली डोकी घालून वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने एक थेंब लोंबला, पण पडायचं नाव घेईना.

"सकाळचं इंजनात ह्ये आसंच बसतंय व्हय?" काकांनी हलक्या आवाजात विचारलं.

"हो," मी म्हणालो. मारुंजीत काही बर्फ पडत नाही, हे मी त्या क्षणी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"पातळच घाला, पाव्हनं," व्याह्यांनी निकाल दिला आणि पायजम्यावरचा डाग दाखवत म्हणाले, "लई पळतंय ह्ये." जाताना डब्यात उरणारं तेल आपल्या जीपला मागून घेतलं. डागाबद्दल पुढे कुणी चकार शब्द काढला नाही. काकूंनी मात्र त्या दोन वाट्या माझ्या खोलीत आणून आदळल्या, "ह्या आता तुलाच."

गाडीत पातळ तेल गेलं. माझा भाव एवढा वधारला की मी लगेच दुसरा धडा दिला. लांबची चाल झाली की गाडी झटक्यात बंद करायची नाही. टर्बो तापलेला असतो, तेल थांबलं की जागच्या जागी जळतं. मिनिटभर नुसतं चालू ठेवून बसायचं. हे काकांना एका दमात पटलं. "बैल जुवाखालनं काडायच्या आदी दम खाऊ देत्यात, तसंच की!"

दुसऱ्या दिवशी मला सोडायला निघाले. चौक आला. मी पिशवी उचलली, तर गाडी थांबलीच नाही. सरळ पुढे गेली आणि माझ्या ऑफिसच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिली. मी दार उघडलं.

"बस. दम खाऊ दे त्याला."

इंजिन घुरघुरत होतं. काकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि त्या काचेच्या इमारतीकडे बघत राहिले. जमीन दिल्यापासून ते या रस्त्याला पहिल्यांदाच येत होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. चौकात मला उतरवण्यात डिझेलचा काही संबंध नव्हता.

"ती कुंडी हाय न्हवं, फाटकाजवळची? तितं चिंच व्हती," ते म्हणाले. "पानी त्या अंगानं यायचं."

तेवढ्यात फाटकावरचा सुरक्षारक्षक तरातरा आला. "चाचा, गाडी आगे लो."

"टर्बो हाय," काका म्हणाले. "ठंडा होने दो."

रक्षकाने मागे जाऊन ती चंदेरी अक्षरं वाचली आणि मोठ्या आदराने परत फिरला. मला हसू फुटलं. काका हसले नाहीत. ते अजून कुंडीकडेच बघत होते.

"मिंटभरच लागतंय का रं?" त्यांनी विचारलं. "म्हंजी, पाच-धा मिंटं ठिवलं तर इंजनाला काय इजा?"

मारुंजीहून तिथपर्यंत असं अंतर ते काय. टर्बो धड तापलाही नव्हता. एक मिनिटाचीही गरज नव्हती, उरलेल्या वेळात नुसतं डिझेल जळणार होतं. मेकॅनिकलच्या पदवीला हे सगळं माहीत होतं.

"नाही काका," मी म्हणालो. "टर्बोला जरा जास्तच लागतं." आणि उघडलेलं दार पुन्हा लावून घेतलं.