थांब्यावरचा रातवा

शिवणाच्या क्लासमध्ये दोन गोष्टी न सांगता साठतात. चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान पोत्यात कोंबता येतात. किस्से मात्र कुणी चहाला आलं की बाहेर पडतात. जव्हारच्या आमच्या माडीवरच्या क्लासमधले हे काही.

बंगळूरला चार वर्षं वेशभूषा शिकून मी गावी परतले, ती डोक्यात सगळा नकाशा आखूनच. पाड्यांवरच्या मुलींना शिवण आणि मेकअप शिकवायचा, त्यांना पायांवर उभं करायचं! मला वाटलं होतं, मुली लाजऱ्या असतील, नवरीचा मेकअप शिकवा म्हणतील आणि मग मी त्यांना हळूहळू काहीतरी वेगळं दाखवीन. पहिल्या दिवशी तिघीच आल्या. जव्हारमधली कल्पना, जामसरची वनिता आणि दाभोशाकडच्या एका पाड्यावरची संगी. मी मोठ्या उत्साहानं विचारलं, "बोला, काय शिकायचंय?"

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग संगी म्हणाली, "ताई, मेल्यासारखं दिसायला शिकवा!"

*

संगीच्या मोबाईलमध्ये रातवा नावाची एक गायिका होती. पांढराफटक चेहरा, काळे ओठ, डोळ्यांतून गालांवर ओघळलेलं काजळ, अंगात काळ्या जाळीचा पायघोळ झगा आणि डोक्यावर हरणाची शिंगं. ती कुठली, तिचं खरं नाव काय, कुणालाच ठाऊक नाही. गाणी सगळी मरणाची. अशा स्टाईलला गॉथिक म्हणतात, असं मी फळ्यावर लिहिलं. त्यांनी वहीत उतरवून घेतलं आणि पुन्हा मोबाईल बघू लागल्या.

"हिच्यात काय आवडतं तुम्हाला?" मी विचारलं.

"ती हसत नाय ना ताई," संगी म्हणाली. "आमचा फोटो काढायला कोणी पण आला का पहिलं सांगतो, हसा!"

*

काळी लिपस्टिक जव्हारमध्ये मिळाली नाही. वनितानं मोखाड्याच्या आठवडी बाजारात विचारलं. दुकानदार म्हणाला, "लाल ने. उन्हात दोन महिने ठेवली की काळीच होते!"

मग मुलींनी तव्यावर काजळी धरली, त्यात एरंडेल कालवलं आणि ओठ केले. चेहऱ्यासाठी पांढरं हवं होतं. संगीनं तांदळाचं पीठ पाण्यात भिजवून आणलं. लग्नात भिंतीवर चौक लिहितात ना, तसंच. संगीची मावशी धवलेरी आहे, म्हणजे चौक लिहिताना लग्नाची गाणी म्हणणारी बाई. एकदा ती बाजाराला आलेली, भाचीला बघायला वर आली. पिठानं माखलेलं तोंड तिनं बराच वेळ पाहिलं.

"पीठ भिंतीला लावत्यात, बाय. भिंत जेवत नाय म्हणून." मग विचारलं, "तू जेवलीस का सकाळी?"

दुसऱ्या दिवसापासून मी टाल्कम पावडर आणायला लागले.

*

वनिताचं डोकं सुईसारखं चालायचं. पावसाळा संपला तेव्हा तिनं जामसरमधल्या घराघरातून मोडक्या छत्र्या गोळा केल्या. अकरा छत्र्यांच्या कापडाचा घागरा शिवला, काड्या वाकवून मानेमागे उभी कॉलर केली. खरं सांगते, माझ्या कॉलेजात कुणाला असं सुचलं नसतं!

तो घालून ती जीपमध्ये चढायला गेली. जीप दत्तूदादाची. जव्हार ते पाडे अशी भरून जाते, आणि त्यानं कुणाला मागे ठेवलं असं सहसा होत नाही. त्यानं वनिताला खालून वर न्याहाळलं आणि क्लीनरला हाक मारली,

"ए, छत्र्या टपावर टाक रे!"

*

पहिली खरी ऑर्डर कल्पनाच्या ओळखीनं आली. जव्हारमधलाच साखरपुडा होता. कल्पनानं नवरीचे डोळे धुरकट काळे केले, खूप सुंदर. पण मुलगी मुळात राजी नव्हती, हे आम्हाला कुठे माहीत! अंगठी घालताना ती रडली आणि दोन काळे ओघळ हनुवटीपर्यंत आले. हुबेहूब रातवा!

होणारी सासू शांतपणे म्हणाली, "असू दे. आज रडून घेतलंन् तर उद्या कामाला मोकळी."

*

बोहाड्याचे, म्हणजे देवांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवाचे, दिवस आले. संगीच्या काकाकडे देवीचं सोंग आहे, पिढीजात. त्या घराशिवाय तो मुखवटा कुणी उचलत नाही. आधी पूजा होते, मग मुखवटा चढतो. एकदा चढला की आत काका राहत नाही, देवी असते, असं सगळा पाडा मानतो. संगी पूर्ण मेकअप करून गर्दीत उभी राहिली. नाच संपल्यावर काका घामानं निथळत तिच्यापाशी आला.

"माझं पूजेनं चढतं, पूजेनं उतरतं," तो म्हणाला. "तुझ्यात कोण येतो, त्याला विचारून लावलास का? उतरतो कसा तो?"

"खोबरेलानं," संगी म्हणाली.

मी पोट धरून हसले. काका हसला नाही. ते तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

*

मे महिन्यात मी क्लासचा फ्लेक्स छापला. कल्पना म्हणाली, "ताई, तुमचाच फोटो टाका ना. तुम्ही तर आजवर एकदाही हा मेकअप केला नाहीत!"

"मी शिकवणारी. बरं नाही दिसत," मी म्हटलं.

संगीचा फोटो टाकला. वनिताचा घागरा, पांढरा चेहरा, काळे ओठ, हसू नाही. वर ठळक अक्षरांत 'तुमच्यातही कलाकार आहे'. संगीच्या पाड्याच्या जीपथांब्यावर दोन बांबू रोवून मी स्वतः तो बांधला. आठवड्यानं पाहायला गेले तर माणसं रस्त्याच्या पलीकडे, थोडी पुढे वळणावर उभी राहून बघतायत. मला कोण आनंद!

"बघ संगी, लांबून बघतात. मोठ्या चित्राला अंतर लागतं."

"बघत नाय ताई," संगी म्हणाली. "सावली चुकवतात."

मी तिला अंधश्रद्धेवर अर्धा तास ऐकवलं. फ्लेक्स तसाच ठेवला.

*

पावसात संगीच्या शेजारच्या सोमीचं चार वर्षांचं पोर तापानं फणफणलं. दिवेलागणीला ती त्याला कडेवर घेऊन थांब्यावर आली. पाऊस मुसळधार होता, आडोसा फक्त फ्लेक्सचा. ती त्याच्याखाली उभी राहिली. जीप आली आणि न थांबता गेली. ती शेवटची होती. सोमी रात्रभर चालली. जव्हारला पोचली तेव्हा पोर गेलं होतं.

चार दिवसांनी पाड्यावर बैठक बसली. भगत म्हणाला, पोर भुताळीनं, म्हणजे चेटकिणीनं, नेलं आणि भुताळीचं तोंड थांब्यावर टांगलेलं आहे. सगळ्यांच्या माना संगीकडे वळल्या. मी उभी राहिले. जादूटोणाविरोधी कायदा कलमांसकट सांगितला. आवाज चढवून सांगितला. एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ताई, तुमचा कायदा जीपनं येतो ना?" तो म्हणाला. "मंग आमच्या थांब्यावर तो पण नाय थांबायचा."

जीपवाला दत्तूदादा मागे उकिडवा बसला होता. मी त्याला विचारलं, तू का नाही थांबलास? तो जमिनीकडे बघत बोलला, "पावसात नीट दिसला नाय. मला वाटला, तीच फोटोतून खाली उतरली. काखेत कोणाचा तरी पोर घेऊन. मी गाडी दामटली."

सोमी उठून दत्तूदादासमोर गेली.

"माझं तोंड दिसलं का तुला, दादा?"

"नाय गं बाय."

"पोराचं?"

त्यानं टॉवेल तोंडावर घेतला. सोमी जागेवर जाऊन बसली. तरीही बैठकीचा निवाडा झालाच. रविवारच्या आत संगीनं पाडा सोडायचा. तिच्या बापानं हात जोडले, काकानं मान फिरवली. संगी रडली नाही. मी थांब्यावर जाऊन फ्लेक्स फाडला. तेवढंच माझ्या हातात होतं, आणि ते मी तीन महिने उशिरा केलं.

जव्हारला येऊन मी मशिनवर कापड घातलं. काजळीची डबी, पावडर, घागरा, सगळं खोक्यात भरलं आणि दारावर कागद चिकटवला, 'क्लास बंद'.

*

आता शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाकीचं सामान न्यायला मी क्लास उघडत होते, तेवढ्यात पहिल्या जीपमधून सोमी उतरली. तिच्यामागे संगी. खाली रस्त्यावर दत्तूदादानं गाडी वळवून उभी केली होती, परतीच्या माणसांची वाट बघत.

सोमीनं दारावरच्या कागदाकडे पाहिलंच नाही. सरळ आत आली आणि आरशासमोरच्या खुर्चीत बसली. साडीचा पदर तिनं कानांमागे खोचला.

"संगे, तुझं होतं तसं माझं तोंड कर."

संगी माझ्याकडे बघू लागली. मी सोमीपाशी उकिडवी बसले.

"सोमीबाय, कशासाठी? कुठं जायचंय?"

"घरी. ह्याच जीपनं. पुढच्या सीटवर बसणार मी, त्याच्या बाजूला. सगळ्या थांब्यांवर थांबायला सांगणार." मग ती संगीला म्हणाली, "आणि खोबरेलानं निघणार नाय असं कर."

संगीनं खोकं उघडलं. डबी काढली. खालून दत्तूदादानं एकदा हॉर्न वाजवला.

मी खिडकीतून वाकून ओरडले, "दादा, थांबा! आम्ही येतोय!"

मग दुसरी खुर्ची ओढून सोमीच्या शेजारी बसले आणि केस मागे बांधले.

"संगी, आधी माझं कर."

सोमीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "पुढं दोघी मावतो."