देवीचा हात

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. पण काल नातीनं रंगांसाठी जवसाच्या तेलाची बाटली उघडली आणि त्या वासानं घोडबंदर रोडवरचा तो नवा बंगला पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. जमिनी विकून श्रीमंत झालेल्या तिथल्या शेठला मी, चित्रकलेच्या मास्तरानं, इटलीतल्या जुन्या राजघराण्याचं एक चित्र दाखवलं होतं. त्यात ज्या मुलाच्या डोक्यावर संताचा हात, तोच राजाचा वारस. शेठला तसंच चित्र हवं झालं, कुलदेवीसकट. “हात धाकट्यावर ठेव,” तो म्हणाला, कारण थोरला पहिल्या बायकोचा, नावडता. मी ठेवला. चित्रावरचा पडदा काढताच भावकीनं हात जोडले, आणि धाकटा हसला, “काय दादा, आता देवीशी पण भांडणार?” थोरल्यानं मला विचारलं, “मास्तर, हात तिथं ठेवायला कोणी सांगितलं?” शेठ माझ्याकडे रोखून बघत होता. मी म्हणालो, “देवी स्वप्नात तशीच दिसली.” थोरला घर सोडून टिटवाळ्याला गेला. म्हातारपणी एकदा मी त्याच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यानं विचारलं, “आज कुठलं स्वप्न पडलं, मास्तर?” स्वप्न पडलंच नव्हतं, मला माफ कर, एवढंच म्हणायचं होतं, पण पत्ता चुकला असं पुटपुटून मी जिना उतरलो.