मी वाचवलेला मर्जूक

हे मी जैबूनलाही सांगितलेलं नाही. आणि जैबून म्हणजे माझी बायको, मी झोपेत काय बडबडतो तेही जिला पाठ आहे. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे. तुम्ही समोर बसलेले नाही, म्हणून असेल.

आधीच कबूल करतो, मी थापाड्या माणूस आहे. कुवेतमधल्या रुमैथियात माझं शिंपीकामाचं दुकान. इथले पुरुष पायघोळ पांढरा झगा घालतात ना, दिशदाशा, त्या शिवतो. माप घेता घेता गिऱ्हाइकाला अशी गोष्ट ऐकवतो की तो श्वास रोखून धरतो. त्यामुळे पोटाचं माप चुकतं, पण गडी परत येतो! माझ्या तोंडात बांगड्याचा देवमासा होतो. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात मी लहानपणी एक वाघ छत्रीनं हाकलला होता. तो वाघ दरसाल हातभर वाढतो. यात कुणाचं काय गेलं? लोक हसतात, मी हसतो, चहा येतो. सुखी माणूस आहे मी. अजूनही.

पण एक थाप — ती या जातीची नव्हती.

माझा पणजोबा गलबतावरचा नाखवा होता. हे मात्र खरं, आईशप्पत. तांदूळ नि सागवान भरून आखातात यायचा, खजूर भरून परतायचा. खालिद म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे, मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतून रिटायर झालेला. त्याच्याकडे शुक्रवारी मला जेवायला बोलावणं असायचंच. जेवण झालं की पुरुषांच्या बैठकीत माझी कचेरी भरायची. खालिदची आई, उम्म खालिद, तीही दाराशी येऊन बसायची. फार म्हातारी. तिच्या बापाला लहानपणी आफ्रिकेतून आणून इथं विकलं होतं. मालकासाठी समुद्राच्या तळाशी बुड्या मारून मोती काढण्यात त्याची जवानी गेली. घरात हा विषय कुणी काढत नसे. ती काढायची, आणि माझ्याशीच काढायची, कारण मी परका, शिवाय दर्यावर्द्यांच्या घरातला.

एका शुक्रवारी मी पणजोबाच्या गलबतावर कुवेत टॉवरएवढ्या लाटा आदळवत होतो. सगळे खो-खो हसत होते. ती हसली नाही.

"तुमच्या गलबतात माणसं असायची का रे?" तिनं विचारलं.

मग सांगू लागली. तिचा बाप सांगायचा — नाखवा हिंदी होता, वर तांदळाच्या गोणी होत्या, खाली मुलं. त्याचा धाकटा भाऊ शेजारीच. भावाला ताप भरला. एका सकाळी जाग आली तर शेजारची जागा रिकामी. कुठं नेलं, कुणी सांगेना. पुढं म्हातारा होईपर्यंत तो बंदरावर येणाऱ्या प्रत्येक हिंदी खलाशाला विचारायचा — माझा भाऊ पाहिलात?

"यम्मा, आताच जेवलेत लोक," खालिद म्हणाला. "हे कशाला आता?"

तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहत राहिली.

आणि मला माहीत होतं. तेच तर सांगतोय, मला माहीत होतं. माझा आजा पोरवयात बापाबरोबर त्या गलबतावर होता. एकदा ओटीवर मी त्याला विचारलं, नुसते तांदूळ वाहून एवढी आमराई कशी घेतली? "तांदळावर बागा होत नाहीत, पोरा," तो म्हणाला. आणि सांगितलं. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं अरबांच्या एका बंदरावर उतरायची. तिथून पुढं आमचा पणजोबा न्यायचा, गोण्यांखाली लपवून. खजुराच्या बागांना हात हवे होते, मोत्यांच्या होड्यांना दमदार छाती. खजूर पेट्यांत बसून साहेबांच्या देशात जायचा, मोती मुंबईच्या पेढीवरून मडमांच्या गळ्यात. मधल्या प्रत्येकाला त्याचा वाटा. आमचा वाटा — आमराई.

आणि ज्याला ताप येई त्याला? "पसरू नये म्हणून..." आजा थांबला. मग म्हणाला, "दर्यात."

आता, ते आमचंच गलबत होतं का? देव जाणे. तसली गलबतं आणखीही होती. पण ती एवढंच विचारत होती — माणसं असायची का, आणि तापलेल्या पोराचं काय करायचे. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे होती. मी तोंड उघडलं, आणि —

"असायची ना, खाला! आणि असा एक पोरगा होताच की! तापानं फणफणलेला. पणजोबानं त्याला उचलून थेट आमच्या गावी नेलं. पणजीनं पोटच्या पोरासारखा वाढवला."

तुम्ही म्हणाल, दया आली असेल. मलाही तसंच म्हणायला आवडलं असतं. नाही हो. सगळी बैठक माझ्या तोंडाकडे पाहत होती, आणि आणखी क्षणभरात मी पोरं विकणाऱ्याचा पणतू ठरणार होतो. मी कुणाला वाचवलं? मला.

"नाव काय त्याचं?" तिनं विचारलं. बापानं भावाचं नाव कधी उच्चारलंच नव्हतं म्हणे, रडू यायचं.

"मर्जूक," मी म्हणालो. त्या दिवशी एका मर्जूकची दिशदाशा द्यायची होती, तेच ओठावर आलं. ती ते नाव कितीतरी वेळ पुटपुटत राहिली. पुढं कधीतरी खालिद सहज बोलून गेला, असली नावं पूर्वी गुलामांना विकत घेणारे ठेवायचे. म्हणजे मीही ठेवलं.

मग काय, वाघ वाढतो तसा मर्जूक वाढला. त्याचं लग्न लावलं. त्याला आमराई दिली — आमचीच, तीच. नातवंडं झाली, एक पुण्यात बँकेत, एक जरा तापट. तापट नातू तिला फार आवडायचा. "माझ्या बापावर गेलाय," म्हणायची.

तुम्हाला ठाऊकच आहे, इथून कुणी सुट्टीवर निघाला की सगळे त्याच्या गळ्यात पुडकी मारतात. उम्म खालिदनंही दिलं. मर्जूकच्या घरच्यांसाठी खजूर, हलवा, एक शाल. तेव्हा तरी बोललो? छे! विमानाचं वजन भरलं म्हणून मी जैबूनचं सामान काढून ते पुडकं कोंबलं, एवढा इमानी! "कुणाचं एवढं लाडकं पुडकं?" जैबून फणकारली. गिऱ्हाइकाकडून माझ्यासाठीच आलंय, म्हटलं. गावी तो खजूर आम्ही आमराईत बसून खाल्ला. छान होता. शाल जैबून अजून वापरते. येताना मी मर्जूकच्या घरून म्हणून आमसुलं आणली. उम्म खालिदनं ती डोळ्यांना लावली. पुढं दर सुट्टीला हेच.

यंदा ती गेली. शेवटी मर्जूकच्या नातवंडांना सलाम सांग म्हणाली. सांगतो म्हटलं.

इथं माणूस गेलं की घरचे पुरुष ओळीनं उभे राहतात, आणि येणारा प्रत्येक जण ओळीतल्या प्रत्येकाला भेटून पुढं जातो. मी मागं खुर्चीत बसलो होतो. खालिद आला, माझा हात धरला आणि मला ओळीत नेलं — भावांच्या मधोमध, स्वतःच्या शेजारी. येणाऱ्याला सांगू लागला, "हा आमच्या मर्जूकच्या घरचा. यांनी त्याला वाचवलं." थोरामोठ्यांनी माझ्या खांद्यावर ओठ टेकवले. सबर देवो म्हणाले. घरचे जे म्हणतात तेच मीही म्हटलं.

आणि वाईट वाटलं नाही. बरं वाटलं. शेवटचा माणूस जाईपर्यंत मी ओळीतून हललो नाही.